कुसुम मॅडम, ते प्रकरण तुम्ही काढायला नको होतं

मॅडम, परवा तुमच्या शोकसभेत तुम्हाला वात्सल्यमूर्ती म्हटलं. एकदा नाही, चारदा. मी मोजत बसले होते, कारण मोजलं नसतं तर ओरडले असते. नर्सिंग कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलावर तुमचा फोटो होता आणि हार इतका जाड की तुमची हनुवटीच दिसत नव्हती. एक बाई म्हणाल्या, "पोटी मूल नसताना त्या किती बाळांची आई झाल्या!" आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. तुम्ही असता तर तिथल्या तिथे म्हणाला असतात, "मी कोणाची माय नाही. मास्तरीण आहो. पुढचं बोला."

शेवटी तुमचे गाइड उठले. तुमच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक, तेच डॉक्टर सर. आता फार थकलेत, काठी घेऊन आले होते. म्हणाले, "ग्रामीण मातांच्या अज्ञानामुळे बाळांना अंगावर पिताना ज्या अडचणी येतात, त्यावर कुसुमताईंनी मूलभूत काम केलं."

अज्ञान. तुम्ही गेल्यावर आठच दिवसांनी, तुमच्या फोटोसमोर, पुन्हा तोच शब्द.

मी उठून उभी राहिले. तिथे काय बोलले ते सांगते, पण आधी सगळं पहिल्यापासून सांगू द्या. तुमच्यासमोर माझं एकही भांडण कधी शेवटपर्यंत गेलं नाही. तुम्ही मध्येच म्हणायचात, "सुजाता, ड्यूटीची वेळ झाली." आता तसं म्हणायला तुम्ही नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

आपली ओळखच भांडणाने झाली. माझी प्रज्ञा तीन दिवसांची होती. मी बारावी झालेली, महागाव तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली, दिवस भरत आले तरी कापूस वेचायला जाणारी. बाळंतपणात काही अडचण निघाली म्हणून मला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं होतं. पोरगी तोंडात घ्यायची, दोनदा ओढायची, चक् असा आवाज व्हायचा आणि सुटायची. मग रडून रडून काळीनिळी. माझ्या बोंडशीला भेगा पडून रक्त येत होतं, छाती दगडासारखी झाली होती. सासू खाटेशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "इले दूधच नाई येत. इच्या आंगातच काई नाई."

तुम्ही पाचसहा विद्यार्थिनी घेऊन आलात. हातात छापील फॉर्म. बाळ जन्मल्यावर किती वेळाने पाजलं, चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, पाजला की फेकला, असं एकेक विचारत गेलात. शेवटचा रकाना अडचणीच्या कारणाचा होता. मला न विचारताच तुम्ही तो भरलात. मी तो उलट्या बाजूने वाचला. मातेची अनिच्छा.

"मॅडम, थे काय लिवलं?"

"ते तुझ्या कामाचं नाही."

"माह्याच बद्दल हाये ना? मंग माह्याच कामाचं हाये. अनिच्छा मंजे मन नाई. माह्यं मन नाई? हे पाहा."

मी पदर बाजूला केला. पोरींनी माना खाली घातल्या. सासू म्हणाली, "निलाजरी कुठली!"

तुम्ही मान खाली घातली नाही. खाटेच्या कडेवर बसलात आणि म्हणालात, "पाज. मी पाहते." प्रज्ञाचं रडणं, सुटणं, पुन्हा धरणं, सगळं तुम्ही घड्याळाकडे न बघता पाहिलंत. मग हात धुऊन आलात, करंगळी तिच्या जिभेखाली घातलीत आणि तुमचा चेहरा बदलला.

"हिची जीभ खाली चिकटलेली आहे. हिला ओढताच येत नाही. आईचं काही चुकलेलं नाही."

मग सगळ्या विद्यार्थिनींसमोर तुम्ही तो शब्द खोडलात आणि त्यांना म्हणालात, "हा शब्द मी किती वर्षं लिहीत आले, देव जाणे. तुम्ही लिहू नका."

एवढ्या एका वाक्यासाठी मी तुमची झाले. म्हणून तर पुढचं सहन झालं नाही.

तुम्ही मला हाताने दूध काढायला शिकवलंत, वाटी-चमच्याने पाजायला शिकवलंत. सर्जनकडे स्वतः प्रज्ञाला घेऊन गेलात. ते म्हणाले, "बोलायला लागली की बघू." तुम्ही म्हणालात, "सर, बोलण्याआधी तिला जगायचं आहे." दारातून हटला नाहीत. जिभेखालचा तो आखूड पडदा कापायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. त्या दिवशी प्रज्ञा पहिल्यांदा पोटभर प्याली आणि पिता पिता झोपली. पुढे ती इतकं बोलायला लागली की सासू म्हणायची, "हिची जीभ कापली थेच चुकलं."

मला नर्सिंगला तुम्हीच ओढलंत. सासूने तुम्हाला ओसरीवर उभं ठेवून विचारलं होतं, "हिले शिकवून काय करता?" तुम्ही दिग्रसच्या. तुमची माय कापसाच्या जिनात कामाला होती, सरकीच्या धुळीत बसून तिने तुम्हाला पाजलं होतं. चिडलात की तुमची सगळी पुस्तकी भाषा गळून पडायची. म्हणालात, "आजी, तुमची नात वाचली थे शिक्षणानंच ना? मंग थे घरात आलं तं तुमाले काहून जड होऊन राह्यलं?"  पोरीला सांभाळायला सासूने ना केली नाही.

मग ती वर्षं आली. कापसाची वाईट वर्षं. आपल्या जिल्ह्याचं नाव सगळीकडे झालं, आणि कशासाठी झालं ते सांगायला नको. जीपा भरभरून माणसं यायची. प्रत्येकाच्या हातात फॉर्म. सगळे कर्जापायी जीव दिलेल्या माणसाबद्दल विचारायचे. त्याच घरात जी बाई सकाळी अंधुक असताना वेचणीला निघायची, लेकरू शेताच्या धुऱ्यावरच्या झोळीत टाकायची, दिवसभर छाती भरून लुगडं ओलं व्हायचं तरी मुकादम सोडायचा नाही, तिला एकाही फॉर्ममध्ये रकाना नव्हता. तुम्ही तुमच्या प्रबंधाला तोच विषय घेतलात. लेकरं अंगावर का पीत नाहीत? मी नुकतीच पास झाले होते. माहिती गोळा करायला तुम्ही मला सोबत घेतलंत.

एका गावात आपण शेताच्या बांधावर बसलो होतो. एक बाई पाजत होती आणि तुम्ही तिच्याशी बोलत होतात. जीप थांबली, दोघे उतरले, एकाच्या हातात कॅमेरा. कॅमेरावाला तुम्हाला म्हणाला, "मॅडम, यांना जरा रडल्यासारखं बसायला सांगता का?"

तुम्ही उठलात. "लेकरू पिऊन राह्यलं, दिसत नाही तुले? चल, निघ."

"मॅडम, आम्ही यांचंच दुःख—"

"थे पोटभर पिल्यावर ये. तवा माय हसते. त्याचा फोटो काढ."

ते गेले. ती बाई खरंच हसली. मी तुमच्याकडे बघत राहिले. त्या काळात माझ्यासाठी तुमच्यापेक्षा मोठं कुणी नव्हतं, मॅडम.

आणि मग आपल्याला तेच सापडू लागलं जे सापडायला नको होतं. गावागावात बाया एकच गोष्ट सांगायच्या. दवाखान्यात लेकरू आधी दुसरीकडे नेलं. दोन-तीन तासांनी आणलं. तोवर त्याला डब्यातलं दूध पाजलं होतं, बाटलीने. मग ते अंगावर घेईना. घरी आल्यावर सासू म्हणाली, हिला दूध नाही. बाई वेचणीला गेली. बाटली सुरू झाली, मग जुलाब सुरू झाले. एका संध्याकाळी एस.टी.त आपण शेजारी बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "सुजाता, आता आपल्याच दारात बसावं लागते."

मी बसले. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आपल्याच वॉर्डच्या कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर वही, मनगटावर घड्याळ. बाळ किती वाजता झालं, आईजवळ किती वाजता आलं, मधल्या वेळात त्याच्या तोंडात काय गेलं, कुणी दिलं, आई काय म्हणाली. वह्यांवर वह्या भरल्या. ज्या पोरींच्या शेजारी बसून मी डबा खायचे, त्याच बाटली भरत होत्या, हे मला लिहावं लागत होतं. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "मी चुकले तं माह्यंही लिही."

आणि तुम्ही चुकलात. एके दिवशी सकाळी एकामागून एक बाळंतपणं झाली, हाताखाली माणूस नाही, एक बाळ टेबलावर रडतंय. तुम्ही विद्यार्थिनीला म्हणालात, "डब्यातलं बनव, दे त्याला." माझा पेन थांबला. मग मी लिहिलं. दुपारी तुम्ही वही मागितलीत. ते पान वाचलंत. मला वाटलं, फाडाल. तुम्ही म्हणालात, "वेळ चुकली तुझी. सव्वाअकरा झाले होते. नीट कर."

स्वतःच्या चुकीची वेळ दुरुस्त करून घेणारी बाई मी तुमच्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

म्हणूनच विचारते, मॅडम. त्या बाईने वह्यांवरून लिहिलेलं वॉर्डाचं अख्खं प्रकरण वर्षभरात प्रबंधातून कसं काढून टाकलं?

मला माहीत आहे कसं. गाइड सर म्हणाले, हा संस्थेविरुद्धचा पुरावा झाला, हे संशोधन नव्हे. म्हणाले, प्रकरण ठेवाल तर माझी सही मिळणार नाही. तुम्ही हे मला सांगितलं नाहीत, नंतर दुसऱ्यांकडून कळलं. बांधून आलेला जाड प्रबंध तुम्ही माझ्या हातात ठेवलात, पेढा दिलात. मी उभ्या उभ्याच चाळला. गावं होती, वेचणी होती, झोळी होती. वॉर्ड नव्हता. आणि निष्कर्षात इंग्रजीत लिहिलं होतं की मुख्य कारण मातांचं अज्ञान. त्या शब्दाचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.

"मॅडम, प्रकरण कुठं आहे?"

"बस आधी."

"बसत नाही. कुठं आहे?"

"काढलं. काढावं लागलं."

"आणि हे अज्ञान कुठून आलं? आपण भेटलो त्या बायांनी काय कमी सांगितलं आपल्याला?"

तुम्ही प्रबंध माझ्या हातातून घेतलात. "तू मले सांग, मले पुस्तक पायजे का वॉर्ड पायजे? डिग्री झाली तं मी इन्चार्ज होईन. मंग पाहा, एक डबा ठेवत नाही तिथं."

"दोन्ही पायजे."

"दोन्ही देत नाहीत बाईले, सुजाता."

मी पेढा टेबलावर ठेवला आणि निघाले. दोन वर्षं तुमच्या घरी पाय ठेवला नाही.

खरं सांगायचं तर तुम्ही शब्द पाळलात. इन्चार्ज झालात आणि पहिल्याच आठवड्यात कपाटातले डबे गेले. बाळ झालं की पुसून थेट आईच्या छातीवर. वजन नंतर, कपडे नंतर. ज्या डॉक्टरांना ते आवडलं नाही त्यांच्याशी तुम्ही एकट्या भांडलात. पाजता येत नसेल तर फॉर्म भरायच्या आधी पूर्ण एक वेळ पाहायचं, हे तुम्ही प्रत्येक बॅचला शिकवलंत. माझ्या धाकट्या जावेचं बाळ त्याच वॉर्डात झालं. ती सांगते, लेकरू रडायच्या आधीच शोधायला लागलं होतं. मी तेव्हा तुमच्याकडे परत आले. आपण चहा प्यालो. त्या प्रबंधाबद्दल दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.

पण तुम्ही निवृत्त झालात आणि डबे परत आले. मी तेव्हा वॉर्डातच होते. नव्या इन्चार्जबाई म्हणाल्या, "बंद का केले होते?" मी सांगू लागले. त्या म्हणाल्या, "लेखी काही आहे का?" कुणी मानेल असं लेखी काही नव्हतं. लेखी फक्त एवढंच होतं की माता अज्ञानी आहेत. मॅडम, तुमच्या वॉर्डाला तुमच्याच पुस्तकाने हरवलं. हे मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होता. तुम्ही ऐकलंत आणि पाणी घालत राहिलात.  मला उत्तर हवं होतं. चिडायला हवं होतंत तुम्ही. "हो, चुकलं" म्हणायला हवं होतंत, नाहीतर "तुले काय कळते" तरी म्हणायचं होतं.

आता माझी चूक. ती कुणाला सांगितलेली नाही.

गेल्या महिन्यात मी तुम्हाला भेटायला आले. दुपारची वेळ. तुमचं पोट फुगलेलं, हात काडीसारखे. डॉक्टरांनी आता काही करायचं नाही म्हणून सांगितलं होतं. भाचीने चहा ठेवला आणि ती आत गेली. तुम्ही एकदम विचारलंत, "वह्या आहेत का गं तुझ्याकडं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला आनंद व्हायला हवा होता. पण आतून काहीतरी पेटलं. आता विचारता? आता, उठून बसता येत नाही तेव्हा? मी म्हणाले, "नाही. मागेच रद्दीत दिल्या."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "बरं केलंस." आणि भिंतीकडे वळलात.

वह्या माझ्याच घरी आहेत, मॅडम. लोखंडी पेटीत, प्रज्ञाच्या लहानपणच्या झबल्यांखाली. एकही पान गेलेलं नाही. मी चहा संपवला, पुन्हा येते म्हणाले आणि निघाले. वाटलं, पुढच्या रविवारी वह्याच घेऊन येईन, समोर ठेवीन, म्हणेन, घ्या, करा आता काय करायचं ते. रविवारी माझी ड्यूटी बदलली. पुढचा रविवार तुम्ही दिला नाहीत.

"बरं केलंस" म्हणजे काय म्हणालात तुम्ही? सुटल्यासारखं वाटलं, की उरलंसुरलंही गेलं असं? रोज वॉर्डात जाताना हाच प्रश्न असतो माझ्यासोबत. तुम्ही प्रकरण काढलंत आणि मी तुमच्याकडून ते दुसऱ्यांदा काढून घेतलं. या बाबतीत आपण दोघी सारख्या निघालो. मला ते अजिबात आवडत नाही.

तर शोकसभेत मी उभी राहिले.  म्हणाले, "सर, त्या प्रबंधात वॉर्डावरचं एक प्रकरण होतं. तुम्ही ते काढायला लावलं. मॅडमनी काढलं. तुमचंही चुकलं आणि त्यांचंही चुकलं. बाया अज्ञानी नव्हत्या. लेकरू आपण त्यांच्याजवळ वेळेवर दिलं नाही." हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "आजच्या दिवशी हे नको." सर काठीवर हात ठेवून खाली बघत राहिले. त्यांना आठवत नव्हतं की आठवत होतं, मला कळलं नाही. मी बसले नाही. सरळ बाहेर आले आणि पायरीवर रडले. तुमच्यासाठी रडले की तुमच्यावर चिडून, मला सांगता येणार नाही.

तिथे एक तरुण ट्यूटर माझ्यामागे आली. अश्विनी नाव तिचं, तुमच्या शेवटच्या बॅचची. म्हणाली, "ताई, ते प्रकरण मॅडम आम्हाला दर वर्षी तोंडी सांगायच्या. लिहून घेऊ द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, याचे कागद माझ्याकडे नाहीत, ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारायचं माझं तोंड नाही."

हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? मला का नाही, मॅडम?

काल अश्विनी घरी आली. मी पेटी उघडली. या वह्यांचं पुस्तक करायचं ठरवून आम्ही दोघी जमिनीवर बसून त्या लावल्या. तुमचं सव्वाअकराचं पान मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "हे ठेवायचं?" मी म्हटलं, ठेवायचं. नाव घालायचं नाही, कुणाचंच घालायचं नाही, पण पान ठेवायचं. तुमच्यावरचा राग ठेवूनही एवढं मी तुमच्या वतीने सांगू शकते.

मग तिने एक वही मधूनच उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एक पारध्याची बाई होती, तिसरं बाळंतपण. बाळ उचलून नेणाऱ्या नर्सचा हात तिने धरून ठेवला होता. मी तिचं बोलणं होतं तसंच उतरवलं होतं आणि मग विसरून गेले होते. "बाई, लेकरू आधी मले द्या. मंग काय मोजाचं थे मोजा."

अश्विनी वाचता वाचता थांबली. म्हणाली, "ताई, हे कुठल्या प्रकरणात जाईल?"

मी म्हटलं, "पहिल्या पानावर."